कुटकीचे गणगोत

आपल्याच नावाचा दुसरा मनुष्य परगावी भेटला म्हणजे मनाला जो एक चमत्कारिक संकोच वाटतो, तो वनस्पतींनाही वाटत असता, तर आमच्या नागपुरात कुटकीची मोठीच पंचाईत झाली असती. कारण या एका नावाच्या तिघीजणी येथे नांदत आहेत. इतवारीत धान्याच्या दुकानी जाऊन कुटकी मागितली, तर दुकानदार छिंदवाडा-मंडल्याकडचे बारीक धान्य मोजून देतो. गोंडांच्या घरी कोदो-कुटकी ही जोडी आपल्याकडच्या डाळ-तांदळाइतकी जुनी आहे. काष्ठौषधींच्या दुकानी हाच शब्द उच्चारला, की कागदाच्या पुडीत काळसर, सुरकुतलेल्या मुळ्यांचे तुकडे पडतात. ही हिमालयातली कुटकी, वैद्यांची कटुका. हिच्यावाचून आरोग्यवर्धिनीची गोळी होत नाही, आणि हिचा कडवटपणा एकदा जिभेला लागला म्हणजे सकाळचा संध्याकाळपर्यंत पुरतो. तिसरी कुटकी मात्र कोणत्याच दुकानी मिळत नाही. ती पाहावयाची तर पौष-माघात हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर किंवा नाल्याकाठच्या ओलसर गाळात जावे लागते. निंदणाऱ्या बाईला विचारले, तर ती हातातला विळा न थांबविता सांगते, "कुटकीच आहे जी ते," आणि दुसऱ्याच क्षणी ती उपटून धुऱ्यावर फेकून देते.

पहिल्या दोघींना भाव आहे, म्हणून त्यांची चौकशी करणारेही पुष्कळ आहेत. जिला भाव नाही अशा या तिसरीविषयी चार शब्द लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. मी वनस्पतिशास्त्राचा अध्यापक नव्हे. तीस वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे, आणि परक्यांच्या बागेतील फुलांची नावे विद्यार्थ्यांकडून घोकून घेण्यात माझे बहुतेक आयुष्य गेले आहे. तेव्हा आपल्या शेतातल्या एका तणाची वास्तपुस्त करण्याचा मला थोडाबहुत अधिकार पोचतो, असे मी समजतो.

दिसावयास ही कुटकी काही रूपवती नाही. हातभर, फार तर कमरेइतके उंच होणारे हे सरळसोट रोप. बुडाशी मुळ्याच्या पाल्यासारखी खोल कातरलेली पाने. वर जावे तसतशी ती लहान व दातेरी होत जातात. शेंड्याला एक लांब, विरळ तुरा येतो, व त्यावर नखाएवढी पिवळी फुले एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात. फूल जवळ घेऊन पाहिले म्हणजे मात्र एक गंमत दिसते. त्याच्या पुंकेसरांवर जांभळट लोकरीची दाट लव असते. पिवळ्या पाकळ्यांच्या मध्यभागी ही जांभळी लोकर अशी काही खुलते, की एखाद्या साध्यासुध्या लुगड्याला अवचित पैठणीचा काठ लाभावा. फुलामागून वाटाण्याहून लहान अशी गोल बोंडे धरतात व त्यांत राईहूनही बारीक बी भरलेले असते. जुन्या औषधी-ग्रंथांत कुलाहल या संस्कृत नावाने हिचा उल्लेख केलेला आढळतो. बंगालमध्ये हिला कुकसिमा म्हणतात, व पानांचा रस आमांशावर देण्याची चाल तिकडे होती. एवढीच काय ती हिची लौकिक योग्यता.

परंतु या दरिद्री रोपाचे शास्त्रीय नाव काढले, की त्याच्यामागे केवढे मोठे गणगोत उभे आहे ते कळून येते. युरोपात ज्याला मलेन म्हणतात, त्या व्हर्बॅस्कम वंशातली ही कुटकी आहे. या वंशात साडेतीनशेच्या आसपास जाती मोडतात, व त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या तुर्कस्थानात आहेत. तेथील उघड्या, खडकाळ डोंगरउतारांवर हे घराणे वाढले आणि तेथून त्याच्या शाखा पश्चिमेस इंग्लंडपर्यंत व पूर्वेस चीनपर्यंत गेल्या. आमची कुटकी ही त्या घराण्याची उष्ण प्रदेशात येऊन स्थायिक झालेली गरीब शाखा होय.

घराण्यात हिला प्रवेश मिळाला तोही सहजासहजी नव्हे. लिनियसने हिचे वर्णन केले तेव्हा तिला एका निराळ्याच वंशात घातले व चीनची म्हणून नाव दिले. पुढे डेन्मार्कच्या व्हाल या शास्त्रज्ञाने तिला सेल्सिया वंशात आणून कोरोमांडेलची ठरविली. सेल्सिया व व्हर्बॅस्कम यांत भेद तो केवढा, तर एकीच्या फुलात पुंकेसर चार आणि दुसरीच्या फुलात पाच. एका केसरासाठी दोन चुली मांडल्या गेल्या! विसाव्या शतकात ही भिंत पडली, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर सांतापाव यांनी पुरंदरच्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात आमची कुटकी व्हर्बॅस्कम चायनेन्स या नावाने मोठ्या घरात दाखल झाली. सर्वांत जुने नाव टिकवावयाचे या शास्त्राच्या नियमामुळे 'चिनी' हे विशेषण तिला कायमचे चिकटले. विदर्भाच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या उगवणाऱ्या या रोपाच्या सरकारी नावात ना विदर्भ आहे, ना महाराष्ट्र.

सेल्सिया हे गेलेले नाव मात्र मला एका कारणासाठी प्रिय आहे. १७२९ साली स्वीडनमधील ऊप्साला येथे एक दरिद्री विद्यार्थी विद्यापीठाच्या बागेत झाडे निरखीत असता ओलोफ सेल्सियस नावाच्या एका वडीलधाऱ्या धर्मशास्त्राच्या अध्यापकाने त्याची विचारपूस केली, त्याला आपल्या घरी आसरा दिला व आपला ग्रंथसंग्रह त्याला मोकळा करून दिला. तो विद्यार्थी म्हणजेच पुढे सर्व सृष्टीची नामकरणे करणारा लिनियस. त्याने या अध्यापकाच्या स्मरणार्थ एका वंशास सेल्सिया हे नाव दिले. याच ओलोफचा पुतण्या अँडर्स. त्याने १७४२ साली उष्णता मोजण्याची जी शंभर अंशांची पद्धती सांगितली, तीत उकळत्या पाण्याला शून्य व बर्फाला शंभर होते; ती त्याच्या मृत्यूनंतर उलट करण्यात आली. आज वैशाखात नागपूरचा पारा पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांवर गेला, की या पुतण्याचे नाव आमच्या घरोघर निघते. काकाचे नाव ज्या रोपाला होते, ते बिचारे त्याच उन्हात धुऱ्यावर वाळून काष्ठ झालेले असते. नावांच्या दुनियेतही पुतण्यांनी काकांना मागे टाकावे, हा न्याय काही आमच्या समाजापुरताच नाही म्हणावयाचा!

या घराण्याच्या कर्त्या पुरुषाचे दर्शन मला पुष्कळ उशिरा घडले. पुस्तकांतून मलेन हा शब्द मी विद्यार्थिदशेपासून वाचीत होतो. त्याची इंग्रजीतील लोकनावेच पन्नासांवर भरतील. कोणी त्याला ॲरनची काठी म्हणतात, कोणी चेटकिणीची मेणबत्ती, कोणी फ्लॅनेलचे पान. बारा-तेरा वर्षांपूर्वी सिमल्याहून नारकंड्याकडे जात असता रस्त्याच्या कडेला, दरड कोसळून उघड्या पडलेल्या मुरुमावर, पुरुषभर उंचीचे पिवळे दांडे ओळीने उभे दिसले. गाडी थांबवून मी खाली उतरलो. बुडाशी हातभर लांबीची, पांढुरकी, घोंगडीसारखी जाड पाने, आणि मधून निघालेला, फुलांनी गच्च भरलेला सोट. पानावरून हात फिरविला तो नव्या कांबळ्यावरून फिरविल्यासारखे वाटले. गाडीवान म्हणाला, "गीदड तमाकू है, साहब. किसी काम का नहीं." कोल्ह्याची तंबाखू! इतक्या वर्षांच्या पुस्तकी ओळखीनंतर त्या थोर वनस्पतीची अशी एका वाक्यात वासलात लागलेली पाहून मला हसू आले. पण त्या नावात निरीक्षण आहे, हे कबूल केले पाहिजे. पाने तंबाखूसारखी दिसतात खरी, परंतु ती ओढून सुख होईल ते कोल्ह्यालाच. आमच्या कुटकीचे मराठीत 'कोल्हळ' असेही एक नाव नोंदलेले आहे. ते या कोल्ह्याशी जोडण्याचा मोह कोणाही भाषाभ्यासकास पडावा. परंतु मध्ये संस्कृत कुलाहल उभा आहे, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

या मोठ्या मलेनचे आयुष्य दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी तो जमिनीला धरून नुसती पाने पसरतो व मुळाशी संचय करतो. दुसऱ्या वर्षी तो सारा संचय एका दांड्यात ओततो, फुलतो, लाखावर बी धरतो आणि मरतो. त्याचे एकेक फूल एकच दिवसाचे. पहाटे उमलते, दुपार कलली की मिटते. दिवसभरात मधमाशी आली तर ठीक, न आली तर मिटता मिटता ते स्वतःचेच पराग स्वतःला लावून घेते. पानांवरची लोकर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर प्रत्येक केस एखाद्या निष्पर्ण झाडासारखा फांद्यांचा असतो. तिच्या योगे पाण्याची वाफ कमी होते, आणि गुरेही तोंड लावीत नाहीत. माणसांनी मात्र त्या लोकरीचेही उपयोग शोधून काढले. ग्रीक लोक या कुळातील पानांच्या वाती वळीत. दांडे चरबीत बुडवून त्यांच्या मशाली करीत असत असेही सांगतात. कित्येक ठिकाणी पानांचा धूर खोकल्यावर दिला जाई. बियांत मासे गुंगविणारे द्रव्य असते, आणि त्याचसाठी वसाहतवाल्यांनी अठराव्या शतकात हे रोप अमेरिकेत नेले. तेथे ते इतके फैलावले, की पुढच्या पिढ्यांस ते तेथलेच वाटू लागले.

बाकीची भावंडेही आपापल्या परीने न्यारी आहेत. व्हर्बॅस्कम लिक्निटिस या पांढऱ्या मलेनच्या नावातच ग्रीक दिवा लपलेला आहे. काळा मलेन नावाचा काळा. फुले त्याची पिवळीच, फक्त केसरांची लोकर जांभळी, म्हणजे या बाबतीत तो आमच्या कुटकीच्या जवळचा. बाल्कनकडचा एक मलेन सगळाच जांभळा फुलतो, व बागवानांचा तो लाडका आहे. आणि एक पतंग-मलेन, व्हर्बॅस्कम ब्लॅटेरिया. त्याच्या लॅटिन नावात झुरळ आहे व इंग्रजी नावात पतंग. अंगाने सडपातळ, पाने जवळजवळ गुळगुळीत, फुले विरळ. चित्रात पाहिला तर आमची कुटकीच थोडी खातीपिती झाल्यासारखी दिसते. या सडपातळ भावाची कथा पुढे यावयाची आहे.

ही भावंडे शेजारी शेजारी उगवली म्हणजे त्यांच्यात संकर फार होतात, पण संकराची संतती बहुधा वांझ निघते. एवढेच नव्हे, तर एकाच जातीत पिवळ्या फुलांचा व पांढऱ्या फुलांचा असे दोन प्रकार असले, तर त्यांच्या परस्परसंयोगापासून बी कमी धरते व स्वतःच्या रंगाशी झालेल्या संयोगापासून अधिक धरते, असे जर्मनीतील गेर्टनरने दाखविले. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात याचा आवर्जून उल्लेख केला; कारण 'प्रकार' व 'जाती' यांच्यामधली रेषा ईश्वराने आखलेली नसून ती हळूहळू पडत जाते, हेच त्याला सांगावयाचे होते. एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात माळ्याचे काम करणाऱ्या जॉन स्कॉटने हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. डार्विनच्या साहाय्याने तो पुढे हिंदुस्थानात आला व कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात नोकरीस लागला. मलेनांवरील त्याचा निबंध १८६७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातच प्रसिद्ध झाला. एका आईची लेकरे, रंगाचा काय तो फरक, आणि तेवढ्यावरून एकमेकांपासून दुरावत जाण्यास प्रारंभ होतो! हा शास्त्रीय सिद्धांत वाचताना मला शास्त्राखेरीज इतर गोष्टी आठवल्या, त्या का, हे आता सांगावयास हवे.

महालातला आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. त्यात चार चुलत घरांच्या चार चुली, एक विहीर, एक देवघर. माझ्या बालपणी पंगतीला तीस पाने मांडली जात, आणि त्यांत सख्खे कोण व चुलत कोण हे नव्या सुनेला वर्षभर उमगत नसे. पुढे वाडीलधारी एकेक करून गेली व वाटणीचा प्रश्न निघाला. अकरा वर्षे कागद चालले. माझा धाकटा चुलतभाऊ, ज्याला मी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेत असे, त्याच्याशी शेवटची सहा वर्षे माझे बोलणे झाले ते वकिलांच्या तोंडून. विहिरीच्या बाजूची आठ फुटांची पट्टी कोणाच्या हिश्श्यात मोडते, एवढाच तो वाद. तीन वर्षांपूर्वी वाडा उतरविला. बाकीच्यांना जागा विकावयाची होती. माझी सही तेवढी राहिली होती.

त्याच सुमारास माझ्या वाचनात आले, की वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एक फार मोठा वाडा उतरविला आहे. कुटकी ज्या कुलात मोडते, त्याला आपल्या मराठी शास्त्रग्रंथांत नीरब्राह्मी कुल म्हणत आले आहेत. कुल जुने व भरलेले. पाणथळीतली नीरब्राह्मी त्यात. हृदयविकारावरचे डिजिटॅलिस त्यात. थंडीत बंगल्यांच्या कुंड्यांत फुलणारे अँटिऱ्हिनम त्यात. ज्वारीच्या मुळांवर जगून शेतकऱ्यास रडविणारा टारफुला त्यात. आणि हिमालयातली ती कडू कुटकीदेखील त्यातलीच. म्हणजे इतवारीतल्या पुडीतील कुटकी व धुऱ्यावरची कुटकी या केवळ नामसाधर्म्याच्या नसून खरोखरीच एका कुळातल्या होत्या. शेदीडशे वर्षे फुलांचा आकार पाहून मांडलेले हे एकत्र कुटुंब. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची विद्या हाती आली आणि या कुटुंबाचे रक्त तपासण्यात आले. तो काय, पंगतीला बसलेली निम्मी मंडळी परकी निघाली! नीरब्राह्मी, डिजिटॅलिस, अँटिऱ्हिनम व कडू कुटकी यांची रवानगी इसबगोलाच्या कुलात झाली. टारफुला बंबाखूच्या घरी गेला. मलेन तेवढा जुन्या घरी राहिला, व बागेतला बडलिया त्याचा भाऊबंद म्हणून बाहेरून आत आला. ज्या नीरब्राह्मीवरून आपण कुलाचे नाव ठेविले, तीच त्या कुलात उरली नाही. आडनाव राहिले आणि त्या आडनावाची माणसे दुसरीकडे राहावयास गेली, असा हा प्रकार झाला.

यावर पहिल्या प्रथम मनात आले ते असे, की सगळेच एकत्रपण असे दिसण्यापुरते असते व तपासू गेले की फुटते. परंतु पुढे विचार करता ते म्हणणे मला पुरते पटेना. शास्त्रज्ञांच्या वाटणीपत्राने एकाही रोपाचे पान हलले नाही. नीरब्राह्मी अजून ओल्या जागीच उगवते, आणि कडू कुटकीची कडू चव यत्किंचितही उणी झालेली नाही. फुटली ती आपली वही. आणि वही फुटावी हे योग्यच होते, कारण ती खोटी होती. वहीतल्या नात्यासाठी भांडावे किती व जमिनीतल्या नात्याकडे पाहावे किती, याचा हिशेब मात्र आपला आपणच ठेवावा लागतो. तो शास्त्रज्ञही ठेवून देत नाहीत व वकीलही नाहीत.

आता त्या सडपातळ पतंग-मलेनची कथा. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनच्या कृषिमहाविद्यालयातील बील नावाच्या अध्यापकाने शेतकऱ्यांच्या एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे ठरविले. तण कितीही उपटले तरी पुन्हा येते. मग त्याचे बी मातीत किती वर्षे जिवंत राहते? त्याने एकवीस प्रकारच्या वनस्पतींच्या प्रत्येकी पन्नास बिया ओलसर वाळूत मिसळून वीस बाटल्या भरल्या आणि तोंडे तिरपी खाली करून हातभर खोल पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढावयाची असा मूळ संकल्प होता. पुढच्या अध्यापकांनी प्रयोग लांबावा म्हणून ते अंतर दहा वर्षांचे केले व त्यापुढच्यांनी वीस वर्षांचे. जागेचा नकाशा गुप्त ठेवलेला असतो आणि तो एका पिढीचा अध्यापक दुसऱ्या पिढीच्या हाती देत आला आहे. बाटली काढावयाची ती अंधारात, मंद हिरव्या दिव्यावर. कारण उरलेल्या बियांना प्रकाशाचा स्पर्श झाला तर त्या जाग्या होतील. बहुतेक जातींचे बी पहिल्या काही दशकांतच संपले. पण शंभर वर्षांनी, १९८० साली काढलेल्या बाटलीत पतंग-मलेनच्या एकवीस बिया रुजल्या. २००० साली तेवीस रुजल्या. २०२० ची बाटली महामारीमुळे एक वर्ष लांबली. २०२१ च्या एप्रिलात पहाटेच्या काळोखात ती उकरली, आणि एकशे बेचाळीस वर्षांच्या निद्रेनंतर पुन्हा विसाच्या सुमारास रोपे उभी राहिली. पुढची बाटली २०४० साली काढावयाची, व शेवटची २१०० साली.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा बियांच्या चिवटपणापेक्षा त्या अध्यापकांचेच मला अधिक कौतुक वाटले. आपण ज्याचे उत्तर ऐकणार नाही असा प्रश्न मातीत पुरून ठेवणे, आणि ज्याला आपण पाहणार नाही अशा मनुष्याच्या हाती नकाशा पोचेल असा विश्वास बाळगणे, हे अध्यापकाच्या धंद्याचे सारच नव्हे काय? आमच्याही वर्गात साठ बिया बसलेल्या असतात. कोणती रुजली हे आम्हांस क्वचितच कळते.

मलेनच्या बीजाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते दाट गवतात, सावलीत, भरल्या घरात रुजत नाही. त्याला उकरलेली, उघडी पडलेली जमीन हवी आणि उजेड हवा. दरड कोसळावी, नांगर फिरावा, भिंत पडावी, तेव्हा त्याची वेळ येते. बीज उडवून नेण्याची सोय त्याच्यापाशी नाही. वाळलेला दांडा वाऱ्याने हलला की बी चार-दोन हातांवर पडते, आणि तेथेच दिवस काढते.

गेल्या माघात आमच्या वाड्याच्या जागेची मोजणी होती. भूमापन खात्याची माणसे साखळी व यंत्र घेऊन आली होती. मी एका कोपऱ्यात उभा, धाकटा दुसऱ्या कोपऱ्यात. ज्या आठ फुटांच्या पट्टीसाठी एवढे रण माजले, ती विहिरीकडची बाजू विटांच्या चुऱ्याने व चुनखडीने भरली होती, आणि तिच्यावर पंचवीस-तीस रोपे पिवळ्या फुलांनी उभी होती. मोजणीदाराच्या मदतनिसाने दोरी ओढण्यापूर्वी त्यांतली दोन पायाखाली मोडली. धाकटा पुढे झाला, त्याने एक मोडलेले रोप उचलले, फूल उलटेसुलटे करून पाहिले व मजकडे न पाहताच विचारले,

"दादा, हे काय उगवलं आहे इथे?"

"कुटकी."

"कुटकी? ती तर कडू मुळी असते ना? काकू द्यायची आपल्याला तापात."

"ती निराळी. ती हिमालयातली."

"आणि कोदो-कुटकी?"

"ती आणखी निराळी. ते धान्य."

"म्हणजे तीन?" तो हसला. "आणि यांचं आपसात काही नातं?"

"एकीचं काहीच नव्हतं. दुसरीचं होतं असं समजत होते, पण हल्ली नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"शास्त्रज्ञ."

"बरं झालं, वकील नाहीत म्हणत ते," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कन्हानच्या रेतीबरोबर आली असेल. समोरच्या घराचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा रेती इथंच टाकली होती त्यांनी."

असेलही. नदीच्या पात्रातून ती बरीच उगवते, हे मी त्याला सांगितले. मग लिनियसचे सांगितले, सेल्सियसच्या काका-पुतण्यांचे सांगितले; अध्यापकास विषय मिळाला म्हणजे तो थांबत नाही. मोजणीदार दोन वेळा येऊन, पट्टीची हद्द आपणां दोघांस मान्य आहे का, असे विचारून गेला. तिसऱ्या वेळी धाकट्याने त्याला सांगितले, "दादा म्हणतील तशी धरा." मी त्याच्याच बाजूने धरावयास सांगितले. आठ फुटांत आता वाड्याची विहीर नव्हती, औदुंबर नव्हता, आणि माझ्या मनातली त्या जागेची जी किंमत होती ती कोणत्याही हिश्श्यात मोडत नव्हती.

चैत्र लागता लागता मी सही केली. आता तेथे चार मजली इमारत होणार आहे. तळमजल्यावर गाड्या उभ्या राहतील व सगळे अंगण काँक्रीटचे होईल. पाया खणण्यापूर्वी एकदा जाऊन आलो. कुटकीची रोपे वाळून करडी झाली होती. हाताच्या हलक्या धक्क्याने बोंडांतून बी भुरभुरत होते. मी ते कागदात गोळा केले नाही, की घरच्या कुंडीत पेरले नाही. तण कुंडीत लावले म्हणजे ते तण राहत नाही, आणि तिला फूल म्हणून मिरवावे असे मला वाटत नव्हते. फक्त दांडे हलवून ते सारे बी खाली मातीत पडू दिले.

घरी परतताना धाकटा बरोबर होता. त्याची मुलगी यंदा महाविद्यालयात जावयाची आहे. इंग्रजी घ्यावे की वनस्पतिशास्त्र, असे ती विचारीत होती म्हणे. आणि या बाबतीत दादाकाकांना विचार, असे त्याने तिला सांगितले आहे. ती रविवारी येणार आहे.